पडद्यावरचा कौल

“उजवो!” दाजी गुरव गाभाऱ्यातून ओरडला, आणि देवळात खेटून उभ्या असलेल्या अख्ख्या गावातून एकाही माणसाचं ‘व्हय म्हाराजा’ आलं नाही.

सगळे भिंतीकडे बघत होते. मीसुद्धा. सभामंडपाच्या भिंतीवर दाराच्या दोन फळ्यांएवढा नवाकोरा पडदा लावलेला, आणि त्यात आमची माउली, गावाची देवी. एवढी मोठी आणि एवढी स्वच्छ की तिच्या कपाळावरच्या हळदीला पडलेली चीरसुद्धा दिसावी. तिच्या डाव्या खांद्यावर चिकटवलेला फुलाचा कळा सुटला, घरंगळला आणि खाली पडला, हे आम्ही सगळ्यांनी आपापल्या डोळ्यांनी बघितलं होतं. उजव्या खांद्यावरचा होता तिथंच चिकटून होता.

“डावो पडलो,” माझ्या मागून कुणीतरी म्हणालं.

“डावोच. मिया बघलंय.”

“मगे दाजी उजवो कसो म्हणता?”

त्या कळ्यावर माझ्या नवऱ्याचा जीव टांगलेला होता.

दिगू आणि त्याचा ख्रिस्ती जोडीदार पेद्रू, दोघं फायबरच्या होडीतून मासे मारायला गेले ते परत आलेच नव्हते. दिवाळी तोंडावर आली होती. वादळ यायचं होतं ते येणार नाही असं हवामानवाले म्हणाले, आणि नंतर आलं ते एकदम. बाकीच्या होड्या कशाबशा बंदरात शिरल्या, ह्यांची काही दिसली नाही. सरकारचं हेलिकॉप्टर एक फेरी मारून गेलं, पुन्हा येतो म्हणाले आणि आले नाहीत. मी दोन रात्री पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, बसून काढल्या. सासू, म्हणजे आमची आये, भात घेऊन यायची आणि तसाच परत न्यायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला. मी उठले ती तडक यशवंत तांडेलाच्या दारात. यशवंतकाका म्हणजे आमच्या बंदरातला सगळ्यांत जुना माणूस. तो होडी पाण्यात लोटेपर्यंत दुसरं कुणी लोटत नसे.

“काका, आता तरी सोडा होडयो,” मी म्हटलं. “वारो पडलो.”

“पडलो तो उठाक कितको येळ लागता?” तो माझ्याकडे बघत नव्हता. “एकाक शोधूक जातलंव आणि चौघांक घालवतलंव. माझो भाव कसो गेलो तुका ठावक आसा मा?”

ठाऊक होतं. त्याचा धाकटा भाऊ असाच कुणाला तरी शोधायला गेला होता. ज्याला शोधायला गेला तो पोहत घरी आला, भाऊ राहिला तिकडंच. त्या माणसाला मी काय बोलणार? पण गप्प तरी कशी बसणार? मी त्याच्या उंबऱ्यावरच बसकण मारली. “माझो घोव थय बुडता आणि तुम्ही हय बसान पेज जेवतास!” असं म्हटलं, अगदी असंच. त्याच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. काकानं ताट सारलं.

“माउलीक विचारूया,” तो म्हणाला. “ती उजवो देत तर ह्याच घटकेक सगळ्यो होडयो सोडतंय. माझी पयली. आणि डावो दिल्यान तर माका परत सांगूक येव नको.”

कौल म्हणजे काय ते घाटावरच्या माणसाला सांगावं लागतं. आमच्याकडे लग्न ठरवायचं असो, नवी होडी पाण्यात घालायची असो, देवीला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव तिच्या अंगावरचे हार उतरवतो, भिजवलेले फुलांचे कळे तिच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. देवीच्या उजव्या खांद्यावरचा कळा आधी पडला तर होकार, डाव्या खांद्यावरचा पडला तर नकार. आणि एका गाऱ्हाण्याचा कौल त्याच दिवशी पुन्हा मागायचा नाही. दिला तो दिला.

आजवर गाभाऱ्यात समईचा काय तो उजेड. आत गुरव, दारात मानाचे राऊळ, बाकी गाव बाहेर. दाजी आतून ओरडायचा, राऊळ मान हलवायचे, गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, झालं. आमच्या आजे-पणज्यांपासून कुणी कळा पडताना बघितलाच नव्हता आणि कुणाचं काही अडलंही नव्हतं.

तो पडदा त्याच आठवड्यात आला. मुंबईच्या चाकरमान्यांनी जत्रेसाठी दिलेला. बारीक बारीक दिव्यांचा, भर दुपारी उन्हातही लख्ख दिसणारा. गावात असलं काही कुणी बघितलं नव्हतं. कुडाळहून गावडे नावाचा माणूस आला, गाभाऱ्यातल्या तुळईला त्यानं एक एवढासा कॅमेरा टांगला आणि भिंतीवर देवी उभी केली. म्हाताऱ्या बायका रडल्या. जन्मभर त्या समईपलीकडच्या काळोखाला हात जोडत आल्या होत्या. आता देवीचे चांदीचे डोळे त्यांना आपल्या नातवाच्या डोळ्यांसारखे दिसत होते. मलाही भरून आलं होतं, खोटं का बोलू? आरतीला लोक तिच्याकडे बघायचे सोडून भिंतीकडेच हात जोडायला लागले, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

तर अशा त्या देवळात दाजीनं गाऱ्हाणं घातलं. “बा माउली, तुझ्या पायाकडची दोन लेकरा दर्यात आसत. एक तुझा, एक क्रिस्तांवाचा, पण दोनय तुझीच. त्येंका शोधूक गावान जावा काय रवाचा, ता तू सांग. जावाचा आसात तर उजवो दी, म्हाराजा!” दिगूला त्यानं अंगाखांद्यावर खेळवला होता.

आणि कळा पडला. पडद्यावर डावा, दाजीच्या तोंडून उजवा.

“दाजी,” यशवंतकाका पुढं झाला, “नीट बघ.”

“बघलंय. उजवो दिल्यान.”

“सगळो गाव बघता हा, डावो पडलो.”

“गाव खय बघता?” दाजी गाभाऱ्याच्या दारात आला. उघडाबंब, घामानं निथळत. आमच्या सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळलेल्या त्याला तेव्हा दिसल्या असाव्यात. “राऊळानू, तुम्ही दारात होतास. तुम्ही सांगा.”

राऊळांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दारात उभं राहून आत बघायचं, एवढाच त्यांचा मान. पण तेही वळून पडद्याकडेच बघत होते. तिथं जास्त मोठं दिसतं ना!

“माका डावो दिसलो,” ते म्हणाले.

“तुमका आत दिसलो काय भायर?”

“दाजी, तुझी माया आम्ही समजतंव,” राऊळ हळू आवाजात म्हणाले. “पण देवीच्या तोंडात आपलो शबुद घालू नये.”

म्हातारा दाजी एकदम पांढरा पडला. उभ्या गावासमोर त्याला कुणी खोटा म्हटलेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. तो आत वळून बोट दाखवायला गेला, पण बाहेर येण्याआधीच त्यानं सवयीनं दोन्ही कळे उचलून तबकात ठेवले होते. आत जाऊन बघावं असं आता काही उरलंच नव्हतं.

“परत लाव मगे!” मी ओरडले. “आमच्यासमोर लाव!”

“नाय गो,” दाजी म्हणाला. “तिना दिलो हा. परत मागूचो म्हणजे तिका खोटी पाडूची.”

“अरे, माझा माणूस मरता थय!”

“म्हणानच सांगतंय, उजवो दिलो हा! जावा!” तो तांडेलाकडे वळून ओरडला. “यशवंता, जा रे!”

यशवंतकाका पडद्याकडे बघत उभा होता. मग त्यानं हात जोडले, भिंतीलाच, आणि पायऱ्या उतरून गेला. त्याच्यामागं सगळे गेले. कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

घरी आले तर ओटीवर बायका जमलेल्या. गळ्यात गळे घालून रडायच्या तयारीनं. एकीनं तर माझ्या बांगड्यांकडे बघून हुंदका दिला. माझं डोकंच फिरलं. “चला, उठा! हय कोण मेल्लो नाय! रडाचा आसात तर आपापल्या न्हाणीत जावन रडा!” म्हणत मी त्यांना हाकलून लावलं. आये मध्येच बसून होती. तिनं मला अडवलं नाही.

सगळे गेल्यावर ती म्हणाली, “दाजी खोटा बोलाचो नाय.”

“आये, मिया डोळ्यान बघलंय.”

“मिया नाय बघलंय. माका थयसून काय दिसला नाय. पण दाजी खोटा बोलाचो नाय.”

मी तिच्यावरही खेकसले. तिच्या विश्वासाचं मला लोणचं घालायचं होतं? होड्या पुळणीवर होत्या.

मोबाईल सारखा वाजत होता. देवळातल्या निम्म्या लोकांनी त्या पडद्याचं शूटिंग केलेलं, आणि ते आता गावभर फिरत होतं. मुंबईहून दिगूच्या मावसभावानंही पाठवलं, खाली हात जोडल्याचं चित्र. मी ते लावलं. कळा पडला. परत लावलं. परत पडला. मी वेड्यासारखी तेच तेच बघत बसले. मला वाटत होतं, एकदा तरी तो दुसरा कळा पडेल. एकदा तरी ती माझ्याकडे बघून म्हणेल, जा बाई, तुझा माणूस घेऊन ये. ऊन ओटीवरून अंगणात गेलं, अंगणातून माडांच्या बुंध्याशी गेलं. वारा पडलेलाच होता. समुद्राचा आवाजसुद्धा येत नव्हता. अशी दुपार, आणि माझा माणूस पाण्यात! मी देवीला शिव्या दिल्या. तोंडाला येतील त्या दिल्या.

“तिका कित्या शिवये देतंस?” आये म्हणाली. ती माझ्या समोरच बसली होती.

“मगे कोणाक देव?” म्हणत मी मान वर केली.

आयेच्या नाकात तिची जुनी फुली होती. माझ्या समोर बसलेली ती, आणि फुली माझ्या उजव्या हाताच्या बाजूला. मी खाली मोबाईलकडे बघितलं. माउलीही माझ्याकडे तोंड करून, पण तिची नथ माझ्या डाव्या हाताच्या बाजूला.

मी परत आयेकडे बघितलं. परत देवीकडे.

“आये, देवीची नथ खयच्या नाकपुडयेत आसा?”

“डाव्या. खयच्या आसतली? बायलमाणूस ना ती?”

“मगे हय उजवीकडे कशी?”

आयेनं मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. तिची मराठी चौथीसुद्धा झालेली नव्हती, पण उलटी नथ तिला कळली. तिनं मोबाईल माझ्या हातात कोंबला आणि मला ढकललंच. “धाव!” ती म्हणाली. “धाव गो बाय माझे, धाव!”

मी कशी धावले ते मला आठवत नाही. यशवंतकाका जाळं शिवत बसला होता. मी त्याच्या हातातली सुई हिसकावली आणि त्याच्या बंडीला धरून त्याला देवळापर्यंत ओढत नेला. तो शिव्या देत होता आणि येत होता. आमच्यामागं निम्मी वाडी.

दाजी पायरीवर बसला होता. सकाळपासून घरी गेला नव्हता. त्यानं आम्हाला बघून तोंड फिरवलं.

“काका, आत जावा,” मी म्हटलं. “गाभाऱ्यात वाकान तिच्या नाकाकडे बघा. आणि मगे ह्या पडद्यार बघा.”

काका उंबऱ्यापर्यंत गेला. बॅटरी मारली. आतली माउली, नथ डाव्या नाकपुडीत. मग त्यानं मान वळवली. पडद्यावरची माउली, नथ उजव्या नाकपुडीत. त्यानं परत आत बघितलं. परत बाहेर.

“गावडे! गावडेक बोलवा!” कुणीतरी ओरडलं.

गावडे जत्रेच्या माळा लावायला गावातच होता. शिडीवरून उतरला, आला. त्यानं वर बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि डोकं खाजवलं. कॅमेरा तुळईला उलटा टांगला होता, म्हणून चित्र खाली डोकं वर पाय आलं होतं. बसवताना त्यानं ते वर-खाली फिरवून सरळ केलं होतं. डावं-उजवं मात्र उलटंच राहिलं होतं. आरशात दिसतं तसं.

“म्हणजे?” काकानं विचारलं.

“म्हणजे पडद्यार जो डावो दिसलो, तो खरो उजवो.”

त्यानं खिशातून रिमोट काढला. एक बटण दाबलं. माउली झटकन फिरली. नथ डाव्या नाकपुडीत गेली, समई ह्या बाजूची त्या बाजूला गेली. बस. एवढंच काम होतं ते. बायकांनी हात जोडले. मला त्या पडद्यावर दगड घालावासा वाटला.

राऊळ तिथं होते. ते दाजीच्या पायाशी वाकायला गेले. दाजीनं पाय मागं घेतले. “माझे पाय कसले धरतास? होडयो सोडा!” तो किंचाळला. “दिवस बुडाक इलो, होडयो सोडा!”

मग मात्र कुणाला काही सांगावं लागलं नाही. माणसं पुळणीवर पळत सुटली. इंजिनं लावली, डिझेलचे कॅन टाकले, बॅटऱ्या गोळा केल्या. यशवंतकाकाची होडी पहिली. पाण्यात शिरताना त्यानं एकदा मागं वळून मला बघितलं, काहीतरी बोलला, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. सूर्य समुद्राला टेकलेला होता. मला वाटलं, चला, गेले तरी! मी आयेच्या गळ्यात पडून हसले. हो, हसले. उजवा कौल होता. माउलीनं सांगितलं होतं, जा म्हणून. ती काय उगाच सांगेल?

सकाळी उजाडल्यावर होड्या परत आल्या. लांबून बघितलं तर कुणी हात हलवत नव्हतं.

पेद्रूला चौघांनी उचलून वाळूवर ठेवला. ओठ फाटून रक्त आलेलं, कातडी मिठानं पांढरी पडलेली, पण जिवंत. त्याच्यामागून दिगूला आणला. त्याच्यावर कुणीतरी आपली चादर घातली होती. होडी उलटली होती, तिच्याच पाठीवर दोघं दोरीनं स्वतःला बांधून पडले होते. मी चादर काढली. त्याच्या तोंडावर मीठ होतं, ते पदरानं पुसलं. आये त्याच्या पायाशी बसली आणि त्याचे पाय चोळायला लागली. जणू ते अजून गरम होतील.

“खय गावले?” कुणीतरी विचारलं.

“खडपाच्या भायर,” यशवंतकाकाचा खलाशी म्हणाला. “दोन तासांचा पाणी. काळोखात सापडूक नाय, उजवाडताना दिसले.”

दोन तासांचं पाणी, कातळांच्या पलीकडे, होडीनं फक्त दोन तास. मी पेद्रूकडे वळले.

“पेद्रू, कधी?”

त्याला बोलता येत नव्हतं. आयेनं चमच्यानं पाणी घातलं.

“काल,” तो म्हणाला. “काल दिवस बुडताना.”

यशवंतकाका माझ्या मागं उभा होता, तो मटकन खाली बसला. राऊळ, गावडे, सगळे होते. दाजी नव्हता.

“सकाळी वारो पडलो मा,” पेद्रू थांबून थांबून सांगत होता, “तसो तो उठान बसलो. म्हणालो, पेद्रू, आता होडयो सुटल्यो. आता इले बघ. दुपारपर्यंत बोलत होतो. तुझ्याबद्दल बोलत होतो. मगे त्येका दिसायचा बंद झाला. माका इचारी, होडी दिसता काय रे? मिया म्हटलंय, दिसता. थोडया येळान परत इचारी. मिया म्हटलंय, दिसता दिगू, ती बघ, यशवंताची पयली, हातय हालयता तुका.”

त्यानं माझा हात धरायला आपला हात उचलला, तो अर्ध्यावरच पडला.

“शेवटपर्यंत मिया त्येका तसाच सांगलंय,” तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. “माका माफ कर गो वैनी. मिया खोटा बोललंय.”

सगळा गाव तिथं उभा होता. माफी मागितली ती त्यानं एकट्यानं.